शनिवारसाठी चालू, सोमवारसाठी बंद

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात तिला सगळे कानसेन म्हणायचे. नाव ठेवलं हेडबाईंनी. डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे, हे त्या विभागाचं काम. त्यातला एखादा डॉक्टर असा बोलायचा की हेडबाई हेडफोन काढून टेबलावर आपटायच्या.

"हा बोलतोय की गुळण्या करतोय? द्या कानसेनकडे. ती भिंतीचंसुद्धा ऐकून टाइप करेल."

आणि ती करायची. जांभई देत बोलणारा, जिने उतरत बोलणारा, बोलता बोलता कुणावर तरी खेकसणारा, सगळे तिच्या कानात स्वच्छ उतरायचे. नऊ टायपिस्ट होत्या तेव्हाही कठीण फाइल तिच्याकडेच यायची. आता तिघीच उरल्या होत्या, त्याही आपापल्या घरून काम करणाऱ्या. नावानं हाक मारणारं असं तिच्या आयुष्यात कुणी उरलं नव्हतं, आणि टोपणनावानं हाक मारणाऱ्या हेडबाईही आठवड्यातून एकदाच फोन करायच्या.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि तिला जोडलेलं चिंचोळं स्वयंपाकघर. खिडकीसमोर लाँड्रीची मागची भिंत. भिंतीतून एक पाइप बाहेर आलेला आणि दिवसभर त्यातून वाफ सुटायची. खिडकीला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबलाखाली पेडल.

या पेडलवर तिचं पोट होतं. शिलाई मशीनला असतं तसं, पण छोटं, तीन भागांचं. मधला भाग दाबला की डॉक्टर बोलायला लागतो, पाय उचलला की गप्प होतो. डावीकडे दाबलं की दोन सेकंद मागे जाऊन तेच पुन्हा सांगतो. कितीही वेळा. न चिडता. चौदा वर्षं तिचा उजवा पाय डॉक्टरांना असा बोलवत आणि थांबवत आला होता, म्हणून उजव्या पायाचा मोजा नेहमी आधी फाटायचा. सवय अशी जडली होती की दुकानात कुणी काही पुटपुटलं आणि नीट ऐकू आलं नाही, तर तिचा पाय फरशीवर डावीकडे दाबला जायचा. मग तिच्या लक्षात यायचं की या माणसाला मागे नेता येत नाही. ती विचारायचीच नाही. मान डोलवून निघून यायची.

तर हे झालं सोमवार ते शनिवार दुपारपर्यंतचं. शनिवारी दुपारी चार वाजता मात्र तिला धाकट्या भावाबरोबर ट्रक चालवायचा असायचा.

भाऊ दुसऱ्या देशात. शेहेचाळीस वर्षांचा, पण तिच्या लेखी छोट्या. आईवडील गेल्यावर दोघंच उरलेले, त्यालाही संसार नाही. फोनवर बोलायला तो लहानपणापासून चोर. फोन लावला की "हं", "बरं", "मग?" या तीन शब्दांत भाषण संपायचं. पण स्टीअरिंगपुढे बसवा, मग बघा. रस्त्याकडे बघत बघत तो काहीही बोलायचा. म्हणून पाच वर्षांपूर्वी घरी आला होता तेव्हा त्यानं तिच्या कॉम्प्युटरवर लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा एक खेळ घालून दिला. त्यात खेळणारे आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर गाड्या चालवतात. एकमेकांचे ट्रक दिसतात, आवाज ऐकू येतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईनं सोळा चाकी ट्रक शिकायचा म्हणजे काय ते पहिल्या महिन्यात रस्त्यावरच्या सगळ्या खांबांना कळलं.

"ताई, आरशात बघ."

"कशाला? मी पुढे चाललेय."

"मागची ट्रॉली पेट्रोलपंपात शिरलीय."

सुरुवातीला रविवारी खेळायचे. गेल्या काही महिन्यांपासून त्यानंच शनिवार करून घेतला. "शनिवारी चार तास मोकळे असतात मला," म्हणाला. तिला काय, सगळे वार सारखेच. चार तास! तिला तर दिवाळखोराला घबाड मिळाल्यासारखं झालं.

घोडं अडायचं ते एका सेटिंगपाशी.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं एक बटण असतं. ते चालू असलं की मशीनच्या अगदी गाभ्यात कुणा अनोळखी प्रोग्रॅमला पाऊल टाकता येत नाही. चांगलीच गोष्ट. पण पेडलला चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला पेडलची भाषा समजावून सांगणारा छोटा प्रोग्रॅम, चौदा वर्षांचा म्हातारा. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. त्याच्याकडे ना सही ना शिक्का. तेव्हा तो असेपर्यंत सुरक्षेचं बटण चालू व्हायचं नाही, आणि बटण चालू असलं की तो आत यायचा नाही. इकडे खेळाला हेच बटण चालू हवं. कारण चोरून वेग वाढवणारे आणि दुसऱ्याच्या ट्रकमधून आरपार जाणारे लबाड लोक त्याच फटीतून शिरायचे.

म्हणजे पेडल आणि भाऊ एका वेळी एका मशीनवर नांदणार नव्हते.

म्हणून दर शनिवारी तीन वाजता ती शेवटचा रिपोर्ट पाठवायची, पेडलचा ड्रायव्हर काढून टाकायची, बटण चालू करायची, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची. सोमवारी सकाळी सगळं उलटं. नवीन पेडल मागितलं तर हेडबाई हसल्या होत्या. "अगं, आता डॉक्टरांचं बोलणं आपोआप टाइप करणारं मशीन आणायचं चाललंय. आपल्यालाच ठेवतायत हे नशीब, तुझ्या पायाला कुठे नवीन पेडल मागतेस?"

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना या शनिवारांचा पत्ता स्पीकरवरच्या भोंग्यामुळे लागला होता. ते एकदा जिन्यात भेटले.

"बाई, तुमच्या घरात ट्रक शिरतो का हो?"

"भाऊ येतो," ती म्हणाली.

"ट्रक घेऊन?"

"हो."

मास्तर दोन पायऱ्या चढले, थांबले, आणि पुढे काही न विचारता निघून गेले. त्यांचंही बरोबरच होतं.

मग एका बुधवारी खेळाकडून सूचना आली. शनिवारपासून फक्त मेमरी इंटिग्रिटी पुरणार नाही. 'सिक्युअर बूट' नावाचं आणखी एक कुलूप चालू लागेल, आणि ते मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, ऑपरेटिंग सिस्टिम उठायच्याही आधी जाऊन चालू करावं लागतं. ज्यांनी केलं नसेल त्यांना प्रवेश नाही.

तिनं गप्पांच्या ॲपवर भावाला लिहिलं, "हे मला जमायचं नाही. शनिवार गेला आता."

फोन करणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं आवाजाचा संदेश पाठवला. तीन मिनिटांचा. तिनं तो आपल्या कामाच्या प्रोग्रॅममध्ये घातला, हेडफोन लावले, पायाखाली पेडल घेतलं, आणि डॉक्टरांचा रिपोर्ट टाइप करावा तसा भाऊ टाइप करून काढला. एकेक वाक्य, मागे-पुढे करत. खरं तर एका फेरीत झालं होतं. तरी ती दोन सेकंद मागे, दोन सेकंद मागे करत राहिली. "ताई, घाबरू नकोस," हे तर तिनं सहा वेळा ऐकलं.

शनिवारी तीन वाजता कागद समोर ठेवून ती कामाला लागली. एक, ड्रायव्हर काढ. दोन, बटण चालू. तीन, मशीन बंद करून सुरू करताना हे अमुक बटण दाबून धर. चार, निळा पडदा येईल, त्यात या नावाची ओळ शोध. पाच, चालू कर, साठव, बाहेर ये. सगळं जिथल्या तिथे. पाच क्रमांकावर टिकमार्क करून तिनं एंटर दाबलं, आणि जीव भांड्यात पडणार तेवढ्यात पडद्यावर एक वेगळीच पाटी उमटली.

डिस्क कुलूपबंद आहे. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली द्या.

ती बघतच राहिली. पेशंटची माहिती घरी ठेवायची म्हणून हॉस्पिटलनं डिस्कला कुलूप लावायला सांगितलं होतं, ते त्या वेळी छोट्यानंच लावलं होतं. रोज ते आपसूक उघडायचं. आज मुळातलं सेटिंग बदललेलं पाहून मशीनला वाटलं, कुणी चोर आलाय.

कागद पुन्हा वाचला. पाचही पायऱ्या बरोबर. मग चूक कुठे? आणि मग तिला आठवलं. संदेशाच्या सुरुवातीला तो खाकरला होता, आणि म्हणाला होता, "आधी डिस्कचं कुलूप तात्पुरतं थांबवून ठेव, तेवढं मात्र विसरू नकोस. हां, तर, एक..."

तिनं 'एक' पासून टाइप केलं होतं.

डॉक्टर रिपोर्टच्या आधी जे बोलतात ते टाइप करायचं नसतं. "माइक सुरू आहे ना? तो पंखा कमी करा. माझा चहा कुठाय?" हे सगळं सोडून द्यायचं, आणि पेशंटचं नाव आलं की बोटं हलवायची. चौदा वर्षांत ही शिस्त इतकी हाडीमाशी खिळली होती की भावानं काकुळतीनं सांगितलेली एकच महत्त्वाची गोष्ट तिनं खाकरण्याबरोबर गाळून टाकली होती. आणि 'घाबरू नकोस'च्या पाठोपाठ ऐकली तर सहा वेळा होती!

चाराला दहा कमी. तिचा फोन साधा, बटणांचा. त्यावर ना ॲप ना फोटो. तिनं संदेश टाइप केला, "मशीन किल्ली मागतंय. ४८ आकडे. तुझ्याकडे आहेत का?"

उत्तर आलं, "आहेत. फोन कर. वाचतो."

तिनं दोनदा वाचलं. फोन कर? हा? जो विजेसारखा टाइप करतो आणि फोन हातात साप आल्यासारखा झटकतो?

"हं," त्यानं फोन उचलला.

"टाइप करून पाठवायचे ना रे."

"एका हातानं कुठे अठ्ठेचाळीस आकडे टाइप करत बसू? वाचतो, घे."

"एका हातानं का?"

"दुसऱ्या हातात कप आहे. घेतेस का? सहा-सहाचे आठ गट आहेत. पहिला. चार, शून्य, सात, एक, एक, सात."

"चार, शून्य, सात, एक, एक, सात," तिनं परत म्हणून दाखवलं. हीही कामाची शिस्त. "पुढचा."

दुसरा झाला. तिसरा झाला. तिला वाटलं, गेल्या कित्येक वर्षांत आपण फोनवर एवढं बोललो नव्हतो. आकडे तर आकडे. त्याचा आवाज खेळातल्यापेक्षा वेगळा येत होता, जाडसर, आणि त्याच्यामागे खोली होती. खेळाच्या ॲपमध्ये मागचे आवाज गाळणारी चाळणी असते, माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवते. फोनला ती नव्हती. फोनमधून सपाता घासत कुणीतरी गेलं. कुणीतरी खोकलं. छोट्या तर एकटा राहतो.

"पाहुणे आलेत का?"

"टीव्ही. पाचवा गट. शून्य, नऊ, तीन, दोन..."

आणि मागे तीन सूर वाजले. वरून खाली उतरणारे. मध्ये श्वासाएवढी जागा. पुन्हा तीन.

तिचा हात लिहीत राहिला. हात थांबत नाही, तोच तर धंदा. पण कान तिथेच खिळले.

"काय वाजतंय?"

"ओव्हन असेल. शेजारी. दोन, दोन, सहा. सॉरी, दोन, दोन. एवढेच. पाचवा झाला. सहावा..."

"ओव्हन नाहीये तो."

"ताई, चार वाजत आले."

हॉस्पिटलमधले मूत्रपिंडाचे मोठे डॉक्टर राउंड घेता घेताच रिपोर्ट बोलतात. त्यांच्या बोलण्यामागे हे तीन सूर कायम वाजत असतात, आणि मध्येच ते ओरडतात, "त्या कोपऱ्यातल्या मशीनकडे बघा रे कुणीतरी!" तेही टाइप करायचं नसतं. चौदा वर्षं तिनं ते तीन सूर ऐकले होते आणि टाइप केले नव्हते.

"छोट्या, ते डायलिसिसचं मशीन आहे."

पलीकडे फक्त तीन सूर.

"नळी दुमडली असेल. हात सरळ कर आणि नर्सला हाक मार. आधी हाक मार, मग बोल."

फोनपासून तोंड लांब नेऊन तो त्या देशाच्या भाषेत काहीतरी म्हणाला. सपाता आल्या. कुणी बाई काहीतरी हसून बोलली. सूर थांबले.

"सहावा गट," छोट्या म्हणाला.

"सांग."

त्यानं सांगितलं. तिनं परत म्हणून दाखवलं. सातवाही. आठवाही. एकाचंही काही चुकलं नाही.

मशीन उघडलं. खेळानं तिला आत घेतलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मालाच्या अड्ड्यावर त्याचा ट्रक दिवे लावून उभा होता. दोघांनी काचांची खोकी भरून घेतली आणि निघाले, ती पुढे, तो मागे. हल्ली तो मागेच राहायचा, हळू चालवायचा. ती त्याला आळशी म्हणून चिडवायची.

शहर मागे पडल्यावर तिनं विचारलं.

"किती दिवस झाले?"

"पुढे वळण आहे."

"वळण दिसतंय मला. किती दिवस?"

"सात महिने."

"आठवड्यातून?"

"तीनदा. मंगळ, गुरू, शनी. चार-चार तास."

"म्हणून शनिवार."

"म्हणून शनिवार," तो म्हणाला. "उजवा हात हलवायचा नसतो. डाव्या हातानं चार बटणांवर चालवतो. म्हणून हळू."

तिला वाटत आलं होतं, आठवड्यातला मोकळा वेळ तो आपल्याला देतो. तो बांधलेला वेळ देत होता. यावर रागवायचं की कसं, हे तिला कळेना. तिनं गिअर बदलला.

"माझी किडनी चालेल का ते विचार डॉक्टरांना."

"ताई, रस्ता बघ."

"विचारशील का?"

"तुला साखरेचा आजार होऊन अकरा वर्षं झाली. पहिल्याच पानावर नापास होशील तू. रोज असलेच रिपोर्ट टाइप करतेस, तुला मी सांगू?" तो थांबला. "तू पहिलं वाक्य हेच बोलणार, मी नाही म्हणणार, मग तू रडणार. म्हणून नाही सांगितलं."

"मी रडत नाहीये."

"मग डावीकडे घे. दुभाजकावर चाललाय ट्रक."

तिनं ट्रक खाली उतरवला. मागच्या काचा खळखळल्या. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो तिला आत्ता ऐकू आला.

"मी येते तिकडे."

"येऊन? इथे नातेवाइकांना आत घेत नाहीत. बाहेर बाकावर बसवतात. काचेतून दिसतो आम्ही, भाजीसारखे ओळीनं मांडलेले."

"काचेतून बघेन."

"आणि मग? परत जाशीलच ना?" त्यानं वळण घेतलं. मग तो म्हणाला, इतक्या हलक्या आवाजात की तिचा पाय आपोआप डावीकडे दाबला गेला, आणि खाली पेडल असूनही काही मागे गेलं नाही. तिनं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"काय म्हणालास? मला ऐकू नाही आलं. परत म्हण."

"म्हटलं, मंगळवारीही असतो मी. गुरुवारीही. बाकीचे टीव्ही बघतात. मी छताकडे बघतो. येत जाशील का? म्हणजे, इथे. रस्त्यावर."

छोट्यानं तिच्याकडे कधी पेन्सिलसुद्धा मागितली नव्हती.

"येईन," ती म्हणाली. "पण एक कर. ती चाळणी बंद कर तुझ्याकडची. मागचं सगळं ऐकू येऊ दे."

"खरखर येईल नुसती."

"येऊ दे."

हो म्हणणं सोपं होतं. रविवारभर ती कागदावर हिशेब मांडत बसली, वेळेचा. मंगळवारी सकाळी बटण बंद, ड्रायव्हर आत, काम. दुपारी ड्रायव्हर बाहेर, बटण चालू, छोट्या. बुधवारी पुन्हा उलटं. गुरुवारी पुन्हा सुलटं. प्रत्येक वेळी मशीन दोनदा झोपवून उठवायचं, आणि कुठल्या तरी एका फेरीत पुन्हा ते किल्ली मागणार नाही याचा भरवसा काय? दोन्ही घरं राखता येणार नव्हती. कुलूप एकतर लावलेलं असतं, नाहीतर नसतं.

सोमवारी सकाळी तिनं बटण बंद केलं नाही. पेडलची वायर काढली, गुंडाळली, आणि ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. मग हेडबाईंना फोन लावला.

"पेडलशिवाय काम करणार आहे मी आजपासून. कीबोर्डवरच्या बटणांनी."

"का, पाय मोडला?"

"नाही."

"मग डोकं?" हेडबाई म्हणाल्या. "अगं, हातानं थांबवायचं, हातानं सुरू करायचं, त्याच हातानं टाइप करायचं. निम्म्यावर येशील तू. आणि इथे वरचे लोक मोजपट्टी घेऊनच बसलेत, कोण कमी पडतंय आणि कुणाच्या जागी मशीन बसवू."

"माहितीये."

"माहितीये म्हणे. वर काय?"

"मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चार तास मी नसेन. सकाळी लवकर बसून भरून काढेन."

"कुठे जाणार?"

"भावाबरोबर असते."

"भाऊ आलाय का? बोलली नाहीस!"

"नाही आला."

हेडबाईंनी कानसेनचा आवाज चौदा वर्षं ऐकला होता, आणि कान त्यांनाही होतेच.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही. कठीण फाइली तुलाच पाठवेन, त्या दुसऱ्या कुणाला जमत नाहीत असं वर सांगेन. किती दिवस चालेल ते मला विचारू नकोस."

"नाही विचारत."

त्या दिवशी तिचं काम खरंच निम्म्यावर आलं. हाडांचे डॉक्टर बोलत सुटायचे, ती बटण शोधेपर्यंत तीन वाक्यं पुढे निघून गेलेली असायची. संध्याकाळी मनगटं ठणकत होती.

मंगळवारी चार वाजता ती हेडफोन लावून अड्ड्यावर पोहोचली. छोट्या आधीच आला होता.

"चाळणी बंद केलीय," तो म्हणाला. "ऐकू येतंय सगळं?"

येत होतं. मशीनची घरघर, चाकांच्या टेबलाचा आवाज, लांब कुणाचा तरी टीव्ही. कुणी म्हातारा कण्हत होता आणि नर्स त्याला दटावत होती, शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता.

"तो कोण कण्हतोय?"

"माझ्या शेजारचा. दुखत काही नाही त्याला. नर्स लक्ष देत नाही म्हणून चालतं ते."

ती हसली. तोही. त्यांनी भिंतीला लावायच्या फरशा भरून घेतल्या आणि डोंगराच्या रस्त्याला लागले. पहिला तासभर तो खूप बोलला. मशीनवर कसं सुरुवातीला थंडी वाजते, पायात कसे गोळे येतात, घरी गेल्यावर कसं नुसतं पडून राहावंसं वाटतं. रस्त्याकडे बघत बोलत होता, त्यामुळे सगळं सांगत होता. दुसऱ्या तासाला वाक्यं तुटायला लागली. मग तिला आरशात दिसलं, त्याच्या ट्रकचे दिवे मागे पडत चाललेत. ट्रक हळूहळू कडेला गेला, रस्त्यावरून अर्धा खाली उतरला आणि थांबला.

"छोट्या?"

उत्तर आलं नाही. श्वास येत होता. लांब, एकसारखा, मध्येच घोरण्याकडे झुकणारा. सपाता आल्या, पांघरूण सरकवल्याचा आवाज झाला, नर्स स्वतःशीच काहीतरी पुटपुटून गेली. मशीनची घरघर शांत चालू होती. तीन सूर नव्हते.

तिनं आपला ट्रक मागे घेतला, त्याच्या पुढ्यात आणून उभा केला. आणि ऐकत राहिली.

या खेळात रस्त्यावर नुसतं उभं राहिलेलं चालत नाही. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही की खेळ त्याला बाहेर काढतो. मधूनमधून तिनं स्वतःचा ट्रक वीतभर पुढे, वीतभर मागे केला. त्याचा तिला करता येण्यासारखा नव्हता. तेराव्या मिनिटाला त्याच्या ट्रकवर सूचना दिसली, हालचाल नाही, दोन मिनिटांत बाहेर. तिचं बोट भोंग्याच्या बटणावर गेलं. एक भोंगा, आणि तो दचकून जागा झाला असता. चार बटणं दाबली असती, ट्रक राहिला असता.

तिनं बोट उचललं.

दोन मिनिटांनी ट्रक गेला. धूर नाही, आवाज नाही. त्याची जागा होती तिथे रिकामी कडेची माती दिसायला लागली, आणि त्याच क्षणी हेडफोनमधलं सगळं थांबलं. घरघर, म्हातारा, टीव्ही, श्वास. खोलीत लाँड्रीच्या पाइपची वाफ तेवढी सुस्कारत होती.

माल दोघांच्या नावावर होता. एकानं जरी पोहोचवला तरी फेरी धरली जायची. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, नव्वद किलोमीटर बाकी. म्हणजे आणखी दीड तास, घाटातून, एकटीनं.

मागे कुणी नव्हतं. तरी तिनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि ट्रक रस्त्यावर घेतला.